सासूबाईंचा कूलर, नवऱ्याचा एसी आणि बोटभर पाण्याची बाटली

प्रिय मावशी,
एप्रिल लागला आणि आमच्या घरात महाभारत सुरू झालंय. आम्ही पुण्यात राहतो, चार मजली बिल्डिंग, आमचा सगळ्यात वरचा मजला. मी मूळची डोंबिवलीची, नवरा अकोल्याचा, आणि संक्रांतीनंतर सासूबाईपण इथेच राहायला आल्यात. मला खिडक्या उघड्या लागतात, मी उघडल्या की आई मागून येऊन बंद करतात, पडदेही ओढतात, दुपारभर घराची गुहा. आईंना कूलर हवाय, नवऱ्याला एसी हवाय आणि तोही १८ वर, माझं म्हणणं आठ वर्षं पंख्यावर निघाली ना मग आताच काय झालं. पण रात्री पंखा लावला की वरून गरम वाफ अंगावर येते हेही खरंय. त्यात कुरडयांसाठी बाल्कनीत तीन दिवस गहू भिजत पडलेत, वासाचं विचारूच नका. टेरेसची चावी सेक्रेटरी देत नाहीत, तिथे वाळवण घालायला बंदी आहे. मुलाची सातवीची परीक्षा संपली, तो दिवसातून चाळीस वेळा फ्रिज उघडतो पण बाटली भरत नाही. कोणीच भरत नाही. मीच भरते. आणि पहाटे चारला खिडकीबाहेर कोकिळा बोंबलायला लागते. एसी घेऊ, कूलर घेऊ, की सरळ माहेरी निघून जाऊ?
– घामाघूम

अगं घामाघूम,

माहेरी तर अजिबात जाऊ नकोस. लग्नाला इतकी वर्षं झाली की माहेरचा उन्हाळा गोड वाटायला लागतो, पण डोंबिवलीत आत्ता काय चाललंय ते आठव जरा, आंघोळ करून टॉवेलने अंग पुसेपर्यंत पाठ परत ओली झालेली असते. तिथे पारा पुण्यापेक्षा कमी दाखवला तरी जीव जास्त नकोसा होतो, कारण हवेतच एवढी ओल की घाम वाळायचं नावच घेत नाही, आणि घाम वाळला तरच माणूस गार होतो. म्हणून तिकडे वारा म्हणजे सर्वस्व. खिडकी, दार, लोकलचं दार, जिथून येईल तिथून वारा आला पाहिजे. तू त्यातच वाढलीस, त्यामुळे बंद खिडकी दिसली की तुझा जीव गुदमरतो, यात तुझी काही चूक नाही.

पण पुण्यात तुझ्या सासूबाई बरोबर आहेत. सॉरी. पहिल्याच मुद्द्यावर सासूची बाजू घेणारी मावशी कुणालाच आवडत नाही हे मला माहितीये, पण दुपारी बाहेर ३८-३९ असताना खिडकी उघडून तू नेमकं काय आत घेतेयस सांग बरं. भट्टीचं दार उघडून वारा घेण्यातला प्रकार आहे तो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा कोरडी, दुपारी कितीही तापलं तरी रात्र उतरते, पहाटे पारा बावीसच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. ती पहाटेची गार हवा घरात भरून घ्यायची आणि ऊन चढायच्या आत, नऊ-साडेनऊला सगळं बंद करायचं, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, आणि संध्याकाळी बाहेरचं तापमान घरातल्यापेक्षा खाली आलं की परत सताड उघडायचं. अकोल्यात दुपारी ४४-४५ बघितलेली बाई हे पुस्तकात वाचून करत नाहीये गं, हातच तसे जातात तिचे. तुझे हात उलट जातात. दोघी आपापल्या गावचा उन्हाळा पुण्यातल्या एकाच खिडकीवर खेळताय. त्यामुळे पहिला निकाल असा की दिवसा खिडकी सासूबाईंची, सात वाजल्यापासून सकाळपर्यंत तुझी, आणि रात्री त्यांना 'वारं लागतं' म्हणून बंद करायला आल्या तर हे पत्र दाखव, माझं नाव सांग.

आता कूलर. कूलर म्हटलं की पुण्या-मुंबईची माणसं जरा नाक मुरडतात, मीपण मुरडायचे, नंतर नणंदेच्या घरी अमरावतीला एक आख्खा मे काढला आणि नाक सरळ झालं. तिकडे मार्चच्या शेवटी कूलर माळ्यावरून खाली येतो ना, तो सोहळा असतो. मागच्या वर्षीच्या ताट्या काढायच्या, त्यातलं वाळून कडक झालेलं गवत फेकायचं, नवीन भरायचं, हौशी घर असेल तर वाळ्याच्या ताट्या, पंप चालतोय का बघायचा आणि तो चालत नसतोच, मग घरातला कर्ता पुरुष स्क्रू ड्रायव्हर घेऊन तासभर त्याच्यापुढे मांडी घालून बसतो आणि शेवटी शेजारचा मुलगा येऊन दोन मिनिटांत सुरू करून देतो. पहिल्या झोतासोबत ओल्या वाळ्याचा जो वास येतो त्याला तोड नाही. तुझ्या सासूबाईंना कूलर हवाय म्हणजे थोडाफार तो वास हवाय असा माझा अंदाज. माणूस घर सोडून येतो तेव्हा असल्या गोष्टी मागतो, आणि मागताना 'वीज कमी लागते' असं कारण देतो.

पण कारण खोटं नाहीये. पुण्यात एप्रिल आणि मेचे पहिले दोनेक आठवडे कूलर मस्त चालतो, हवा कोरडी असते तोवर. अट एकच, कूलर खिडकीत पाहिजे म्हणजे तो बाहेरची हवा ओढेल, आणि समोरचं एखादं दार किंवा खिडकी फटीएवढी तरी उघडी पाहिजे म्हणजे ओली हवा बाहेर जाईल. बंद खोलीच्या मधोमध कूलर ठेवून बसलात तर तासाभरात खोलीची डोंबिवली होईल, मग तुला माहेरी जायचीही गरज नाही. मेच्या शेवटी ढग जमायला लागले, हवेत दमटपणा आला की कूलरने मान टाकली म्हणून समज, तेव्हा त्याच्यावर चिडू नका. आणि त्याचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, टाकी घासून कोरडी करायची, कारण डेंग्यूवाला डास साधारण आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्यापर्यंत सगळं शिक्षण पूर्ण करतो. हे काम नवऱ्याचं. का ते पुढे येईल.

एसीवर माझं मत तुला आवडणार नाही. घ्या. वरचा मजला आहे म्हणून म्हणतेय, खालच्या मजल्यावर राहत असतीस तर तुझीच बाजू घेतली असती. रात्री पंख्यातून गरम वाफ येते ना, तो पंख्याचा दोष नाही, तुझ्या डोक्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात-आठपासून मध्यरात्रीपर्यंत ते घरात ओकत बसतो, बाहेर झाडं हलतायत आणि आत तवा. पंखा हवा गार करत नाहीच मुळी, तो अंगावरचा घाम वाळवून माणसाला गार करतो, आणि छताजवळची सगळी गरम हवा तोच खाली ढकलतो. (म्हणूनच खोलीत कोणी नसताना पंखा फिरत ठेवण्यात काडीचाही अर्थ नसतो, हे तुमच्या चिरंजिवांना सांग, ऐकणार नाहीत, पण सांग.) बरं, पंखा पाचवर ठेवूनही रेंगाळत फिरत असेल तर नवीन पंखा घ्यायला पळू नका, बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, किरकोळ किमतीची वस्तू आहे, इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत बदलतो. मी दोन वर्षं 'व्होल्टेजच कमी आहे' असं म्हणत पाहुण्यांना हाताने वारा घालत होते.

तर एसी घ्या पण १८ वर नाही. १८ लावल्याने खोली पटकन गार होते हा समज ऑफिसातून घरी आलाय, मशीन गार करणार तिच्या ताकदीएवढंच, १८ म्हटल्यावर फक्त थांबत नाही. २०२० पासून सरकारनेच नियम केलाय की नवीन एसी सुरू केला की तो २४ वर सुरू झाला पाहिजे, ते काय उगाच नाही, एकेक डिग्री वर नेली की विजेत साधारण सहा टक्के वाचतात असा बीईईचा, म्हणजे वीज बचतीचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, हिशोब आहे. २६ ठेवा, वर पंखा एक-दोनवर लावा, पांघरूण पायाशी. दीड टनाचा एसी तासाला सव्वा युनिट धर, रात्रीचे आठ तास म्हणजे दहा युनिट, महिन्याला तीनशे. म्हणजे फ्रिज, मिक्सर, टीव्ही सगळं मिळून आज तुम्ही महावितरणच्या १०१ ते ३०० च्या टप्प्यात असाल तर ३०१ च्या पुढे उडी मारणार, आणि तिथला दर बघून नवऱ्याचा हात आपोआप रिमोटवरून उचलला जाईल. पहिल्या महिन्याचं बिल त्यालाच भरू दे, मोबाईलवरून गुपचूप नाही, तुझ्यासमोर बसून, आकडा मोठ्याने वाचून.

एसी आणि कूलर एका खोलीत एकदम लावू नका, एक ओल काढतो, दुसरा ओल घालतो, सासू-सुनेने एकाच भाजीत आळीपाळीने मीठ घालावं तसं होतं ते. कूलर हॉलमध्ये, दुपारी, सासूबाईंच्या ताब्यात. एसी बेडरूममध्ये, रात्री. आणि सासूबाईंना रात्री एसीच्या खोलीत झोपायला बोलव, त्या 'मला नाही सोसत बाप्पा' म्हणतील, दोन रात्री हॉलमध्ये झोपतील, तिसऱ्या रात्री गादी घेऊन येतील. लिहून देते.

स्लॅबचं मात्र खरं औषध छतावर आहे, घरात नाही. टेरेसवर पांढरा चुना मारून घ्या किंवा ऊन परतवणारा तो पांढरा पेंट मिळतो तो. एकट्याने सोसायटीत बोललीस तर सेक्रेटरी 'पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ' म्हणतील, पुढची मीटिंग गणपतीत असते. वरच्या मजल्यावरचे तुम्ही सगळे मिळून जा. कामाला टेरेस उघडावीच लागेल आणि पांढऱ्या स्वच्छ टेरेसवर वाळवण काय सुंदर वाळतं हे तेव्हा नुसतं सहज बोलून ये.

आता ते गहू. अगं, वास येणारच. तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आंबट वास आला नाही तर कुरडई होतच नाही. चौथ्या दिवशी वाटून चीक काढतात, रात्रभर निवळत ठेवतात, वरचं पाणी ओततात आणि पहाटे तो चीक शिजवायला घेतात, आणि शिजवताना घाटायचा असतो म्हणजे काय हे एकदा करून बघच, खांदा बोलायला लागतो. तो गरम चीक वाटीत घेऊन दूध-साखर घालून खायचा, पोरालाही दे, तो फ्रिजजवळून हलेल पाच मिनिटं. बाल्कनीत एवढं सगळं मावणार नाही हे खरं, म्हणून सासूबाईंशी तह कर की या वर्षी कुरडया एक किलोच्या, बाकी साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस, ज्याला वासबीस काही नसतो आणि खाटेवर धुतलेलं जुनं धोतर किंवा ओढणी पसरून घातलं तरी चालतं. कावळ्यांसाठी एक काळी छत्री उघडी करून ठेवायची, का घाबरतात कोण जाणे, पण दोन दिवस घाबरतात, तिसऱ्या दिवशी छत्रीवर बसून खातात. आणि संध्याकाळी चारनंतर आभाळाकडे लक्ष ठेव, वळीव नेमका कुरडया अर्ध्या वाळल्या की येतो. आधी धुळीचा लोट, मग मातीचा वास, तेवढ्यात सगळी बिल्डिंग 'अहो वाळवण' म्हणून धावते, आणि ज्या सेक्रेटरींनी बंदी घातली त्यांचीच बायको सगळ्यात पुढे असते, हा माझा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला अनुभव, आमच्याकडचा.

बरं आता तुझ्या पत्राबद्दल. मी ते दोनदा वाचलं. त्यात एसी आहे, कूलर आहे, गहू आहेत, कोकिळा आहे, आणि मध्येच दोन शब्दांचं एक वाक्य आहे, 'मीच भरते'. सगळ्यात छोटं वाक्य. मला तर तेवढंच ऐकू आलं.

बाटल्यांचं शास्त्र मला तोंडपाठ आहे गं. आमच्याकडे नियम होता की जो बाटली संपवेल त्याने भरायची. चांगला नियम. त्यावर आमच्या ह्यांनी शोध लावला की बाटली संपवायचीच नाही. तळाला बोटभर पाणी ठेवायचं आणि परत फ्रिजमध्ये उभी करायची, कायद्याने बाटली संपलेली नाही. बर्फाच्या ट्रेचंही तेच, बारा खणांत एक खडा, तो एकटा बिचारा तीन दिवस ट्रे राखत बसलेला. एका मेमध्ये माझ्या फ्रिजमध्ये सहा बाटल्या होत्या आणि सगळ्यांचं पाणी मिळून एक ग्लास झालं नाही, मी मोजलंय. तेव्हापासून मी असल्या नियमांवर विश्वास ठेवत नाही, मी माठावर विश्वास ठेवते.

माठ आण. गुळगुळीत पॉलिश केलेला, रंगवलेला नको, रंगाने भोकं बुजतात, आणि माठ गार होतो तो त्या बारीक भोकांतून पाणी पाझरून बाहेर वाळतं म्हणूनच, आपला घाम वाळतो तसंच. कुंभाराकडचा साधा, वाजवून बघितलास की खणखणीत वाजणारा. आणल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून ठेव, पहिली दोन-तीन पाणी झाडांना घाल. घासताना साबण अजिबात नाही, काथ्या आणि पाणी, नाहीतर आठवडाभर साबणाचं पाणी प्याल. ठेवायचा वाऱ्याच्या वाटेवर, स्वयंपाकघराच्या कोंदट कोपऱ्यात नाही, खाली तिवई किंवा ओली वाळू, वर ओलं फडकं गुंडाळ. पुण्याच्या कोरड्या हवेत पाणी असलं गार होतं की दात कळवळत नाहीत आणि तहान भागते. तुझ्या आईने डोंबिवलीत माठ ठेवून बघितला असेल आणि 'काही गार होत नाही' म्हणून त्यात तुळस लावली असेल, तिचंही बरोबरच आहे, तिथल्या दमट हवेत फारसा होत नाही. सोबत लांब दांड्याचं ओगराळं ठेव, ग्लास आत बुडवणाऱ्याला सासूबाई परस्पर बघून घेतील, त्या बाबतीत त्यांच्याएवढा चोख वॉचमन तुला पगार देऊन मिळणार नाही.

आणि माठ रोज रात्री जेवणानंतर चिरंजीव भरतील. चाळीस वेळा फ्रिजचं दार उघडणाऱ्या हाताला एकदा कळशी उचलायला काय होतंय. विसरला तर तू भरायची नाही, इथेच सगळ्या आया हरतात, रात्री अकराला कोरडा माठ दिसतो आणि आपण 'जाऊ दे, लहान आहे' म्हणून भरतो. राहू दे कोरडा. सकाळी सगळे कोमट पाणी पितील, सासूबाई नातवाला दोन शब्द सुनावतील आणि त्या दोन शब्दांचा परिणाम तुझ्या दोनशेपेक्षा जास्त होईल. बर्फाचे ट्रे आणि कूलरची टाकी नवऱ्याकडे, म्हणजे ज्याला गारवा हवा त्याने त्याचं पाणी वाहावं, यात मला तरी काही अन्याय दिसत नाही. तुझ्याकडे फक्त पन्हं. कैऱ्या उकडायच्या, गर काढायचा, गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, आणि तो गर बरणीत भरून फ्रिजच्या सगळ्यात मागे, दह्याच्या भांड्याआड ठेवायचा, आणि दुपारी सगळे झोपले की एकटीने एक ग्लास करून प्यायचा. कुणाला सांगायचं नाही. मी बावीस वर्षं सांगितलं नाहीये, आता छापून येईल ते येईल.

राहिली कोकिळा. पहिली गोष्ट, ती ती नाही, तो तो आहे. कुहू-कुहू करून सगळ्यांना उठवतो तो काळाकुळकुळीत नर, बायकोसाठी गातो, आणि बायको अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, म्हणजे पोरं वाढवायची कटकट नाही, घरटं बांधायचं नाही, बाटल्या भरायच्या नाहीत, मग काय, पहाटे चारपासून गळा मोकळा. त्याच्यावर उपाय नाही. हुसकलंस तर समोरच्या झाडावर जाऊन दुप्पट जोरात ओरडेल. पण चार-साडेचारपासून उजाडेपर्यंत पुण्यातली सगळ्यात गार वेळ. तेव्हा तो सुरू झाला की उठायचं, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, माठातलं एक ओगराळं पाणी प्यायचं आणि परत झोपायचं. बंद करायला सासूबाई साडेनऊला आहेतच.

– मावशी